रेसकार्ड हातात आल्यावर : वाचकांच्या शंका आणि उत्तरे

घोड्यांच्या शर्यतीच्या दिवसाचे कार्ड, म्हणजे त्या दिवसाच्या शर्यती आणि घोड्यांची माहिती देणारा कागद, वाचून घोडा निवडायचा कसा, याबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांना जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : दिवसाला आठ शर्यती आणि प्रत्येकीत दहा-बारा घोडे. सगळे वाचायचे म्हटले तर रात्र पुरत नाही. सुरुवात कुठून करावी?

घोडे निवडण्याआधी शर्यती गाळा. ज्या शर्यतीत निम्मे घोडे पहिल्यांदाच धावत आहेत, तिथे वाचायला काही नसते. निम्मे घोडे चार-सहा महिन्यांच्या विश्रांतीनंतर उतरत असतील तर कागदावरची माहिती शिळी झालेली असते. सोळा-अठरा घोड्यांची १००० मीटरची शर्यतही सोडलेली बरी, कारण तिथे गेटमधून अर्धी पावले उशिरा निघालेल्या चांगल्या घोड्यालाही भरपाई करायला वेळ मिळत नाही. हाती ठेवण्याजोगी शर्यत म्हणजे सात ते बारा घोड्यांची, ज्यातले बहुतेक जण गेल्या सहा-आठ आठवड्यांत धावलेले आहेत आणि ते अंतर त्यांनी आधी पळून पाहिले आहे. आठांतून अशा तीन उरल्या तरी दिवस चांगला समजा.

मग शर्यतीच्या अटींची ओळ वाचा : अंतर किती, दर्जा कोणता, हँडिकॅप (चांगल्या घोड्यावर जास्त वजन ठेवून बरोबरी साधणारी) आहे की ठरीव वजनाची. घोड्यांची नावे त्यानंतर. प्रत्येक घोड्याला तीनच प्रश्न विचारा. हे अंतर त्याला झेपते का? अशा मैदानावर तो धावला आहे का? या दर्जाच्या घोड्यांना त्याने कधी जवळून गाठले आहे का? तिन्हींना ‘नाही’ आले की नाव खोडा. एवढ्यानेच साधारण निम्मे कार्ड रिकामे होते आणि उरलेल्यांना नीट वेळ देता येतो.

प्रश्न : नावापुढे ४-२-१-७ असे आकडे आहेत. शेवटच्या वेळी सातवा आला, म्हणजे घोडा उतरणीला लागला असे धरावे का?

आधी आकडे कोणत्या बाजूने वाचायचे ते पाहा. काही कार्डांत ताजी शर्यत उजवीकडे असते, काहींत डावीकडे. कार्डाच्या खुणांच्या तक्त्यात ते दिलेले असते.

सातवा हा नुसता क्रमांक आहे. तो किती लेंग्थने मागे होता ते शोधा. एक लेंग्थ म्हणजे सुमारे २.४ मीटर, आणि पूर्ण वेगातला घोडा ते अंतर सेकंदाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शात कापतो. तीन लेंग्थने सातवा आलेला घोडा पहिल्यापासून जेमतेम अर्धा सेकंद दूर होता. उलट चार घोड्यांच्या शर्यतीत बारा लेंग्थने तिसरा आलेला घोडा कागदावर देखणा दिसतो, एवढेच. सातवा क्रमांक वरच्या दर्जात, न मानवणाऱ्या अंतरावर किंवा वाट अडल्यामुळे आला असेल आणि आज घोडा आपल्या नेहमीच्या दर्जात परतत असेल, तर त्या आकड्यामुळे त्याचा भाव, म्हणजे जिंकल्यास मिळणारे पैसे, उगाच वाढलेला मिळतो. असे घोडे शोधणे हेच कार्ड वाचण्यातले खरे काम आहे.

प्रश्न : हँडिकॅपमध्ये वजनाचा हिशेब नेमका कसा करायचा? एका घोड्याने दुसऱ्याला हरवले आणि आता त्याच्यावर वजन वाढले, तर निकाल उलटेल का?

बहुतेक ठिकाणी प्रत्येक घोड्याला रेटिंग, म्हणजे त्याच्या कुवतीचे गुण, असते आणि त्यावरून पाठीवरचे वजन ठरते. कुठे एक गुण म्हणजे एक पौंड, कुठे अर्धा किलो. हेतू हा की सगळे घोडे एका रेषेत पोचावेत. वजन आणि लेंग्थ यांचे नाते अंतराप्रमाणे बदलते. ढोबळ माप असे : १००० मीटरला एक लेंग्थ म्हणजे साधारण १.४ किलो, १६०० ला ०.८ ते ०.९ किलो, २४०० ला ०.६ किलोच्या आसपास. अंतर लांबले की तेवढ्याच वजनाचा परिणाम अधिक लेंग्थमध्ये दिसतो.

आता उदाहरण. १६०० मीटरला समान वजनावर ‘अ’ने ‘ब’ला दोन लेंग्थने हरवले. दोन लेंग्थ म्हणजे सुमारे १.७ किलो. या वेळी त्याच अंतरावर ‘अ’ला ‘ब’पेक्षा ३ किलो जास्त आहे. फरक १.३ किलो ‘ब’च्या बाजूने, म्हणजे कागदावर ‘ब’ दीड लेंग्थने पुढे.

पण इथेच थांबू नका. ‘अ’च्या जॉकीने शेवटच्या शंभर मीटरला लगाम आवरला होता का? तसे असेल तर ते दोन लेंग्थ प्रत्यक्षात चार असू शकतात आणि सगळा हिशेब फिरतो. म्हणून मागच्या शर्यतीचे चित्रीकरण पाहिल्याशिवाय वजनाची बेरीज-वजाबाकी करू नये. शिकाऊ जॉकीला मिळणारी सवलतही लक्षात घ्या. दोन-तीन किलोची सवलत कागदावर मोठी दिसते, पण हट्टी किंवा शेवटी जोर लावून घ्यावा लागणारा घोडा असेल तर अननुभवी हातांत ती वाया जाते. सरळ स्वभावाच्या, पुढे धावणाऱ्या घोड्यावर मात्र ती पुरेपूर वसूल होते.

सर्वांत जास्त वजनाचा घोडा टाळावा असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. त्याच्यावर वजन जास्त आहे कारण त्या शर्यतीत तोच सर्वांत चांगला ठरला आहे. टाळायचाच असेल तर मधल्या दर्जाचा, दोन लागोपाठ विजयांनंतर वजन आणि दर्जा दोन्ही चढलेला घोडा टाळा.

प्रश्न : फॉर्म, वजन, जॉकी सगळे एका घोड्याच्या बाजूने असते, तो शेवटच्या वळणापर्यंत पुढेही असतो, आणि मग कोसळतो. असे का होते?

बहुतेक वेळा कारण असते पेस, म्हणजे शर्यतीची चाल. कार्ड वाचणारे नव्वद टक्के कष्ट घोड्यांच्या गुणांवर घेतात आणि शर्यत कशी घडेल याचा विचारच करत नाहीत. माझ्या मते तो पहिला विचार असायला हवा.

प्रत्येक घोड्याच्या मागच्या तीन-चार शर्यती पाहून नावापुढे खूण करा : ‘पु’ म्हणजे पुढे धावणारा, ‘ल’ म्हणजे पुढच्यांना लगटून राहणारा, ‘म’ मधला, ‘शे’ शेवटी सुटणारा. मग ‘पु’ मोजा. एकच असेल तर त्याला कोणी छेडत नाही. जॉकी वेग आपल्याला हवा तसा ठेवतो, मधल्या टप्प्यात घोड्याला श्वास देतो आणि शेवटच्या ४०० मीटरला ताकद शिल्लक असते. असा एकटा ‘पु’ कागदावर तिसरा-चौथा वाटला तरी त्याला वर आणा. ‘पु’ तीन असतील तर ते एकमेकांना पहिल्या निम्म्या अंतरातच दमवतात आणि फायदा ‘म’ आणि ‘शे’ यांना होतो. एकही ‘पु’ नसेल तर शर्यत संथ चालते, शेवटी छोटी धाव उरते आणि मागून येणारा अडकतो. तिथे ‘ल’ खूण असलेले घोडे निवडा.

अमेरिकेतल्या १९७३ च्या बेलमाँट स्टेक्स या शर्यतीत हे उघड दिसले. दीड मैलाच्या त्या शर्यतीत सेक्रेटेरिएट आणि शॅम हे दोन घोडे सुरुवातीपासून शेजारी शेजारी सुसाट सुटले आणि पहिले सहा फर्लांग (सुमारे १२०० मीटर) १ मिनिट १० सेकंदांच्या आत झाले. एवढ्या लांब शर्यतीसाठी ती चाल जीवघेणी होती. शॅम शेवटचा आला. सेक्रेटेरिएट मात्र २ मिनिटे २४ सेकंदांत, ३१ लेंग्थने जिंकला. त्याच्यासारखा घोडा अपवाद असतो. रोजच्या कार्डावर अशा जोडीतले दोघेही शॅमसारखे मागे पडतात.

ड्रॉ, म्हणजे घोड्याला मिळालेला सुरुवातीच्या गेटचा क्रमांक, याच हिशेबात बघायचा. सुरुवातीनंतर लगेच वळण असेल तर बाहेरच्या गेटमधल्या ‘पु’ला आत येण्यासाठी जादा ताकद खर्चावी लागते, नाहीतर वळणभर जास्त अंतर कापावे लागते. सुरुवातीनंतर लांब सरळ पट्टा असेल तर गेटचा फरक बराच कमी होतो.

प्रश्न : आदल्या रात्री अभ्यास केला आणि सकाळी पाऊस पडला. आता काय करावे?

ज्या घोड्यांची निवड कडक मैदानाच्या कामगिरीवर झाली होती ती बाजूला ठेवा आणि पहिल्या दोन शर्यती फक्त पाहा. त्या अंतराच्या नेहमीच्या वेळेपेक्षा किती सेकंद जास्त लागले ते टिपा. जाहीर झालेल्या मैदानाच्या वर्णनापेक्षा घड्याळ जास्त खरे बोलते. जॉकी शेवटच्या सरळ पट्ट्यात घोडे कुठे नेतात तेही बघा. गवताच्या मैदानावर आतली बाजू तुडवली गेली असेल तर सगळे बाहेर सरकतात, आणि मग आत अडकलेल्या घोड्यावर लावलेले पैसे फुकट जातात. मऊ मैदानावर गुडघे उंच उचलून पळणारे घोडे बरे चालतात. जमिनीलगत पाय टाकणारे कडक मैदानाचे असतात.

प्रश्न : पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या जागेत, नेमके काय पाहायचे?

घोड्याची तुलना त्याच्याशीच करा, शेजारच्याशी नाही. तोच घोडा मागे जिंकला तेव्हा कसा दिसत होता, हे माहीत असेल तरच पॅडॉकचा उपयोग. मागच्या पायांमधून पांढरा फेस येईपर्यंत घाम, सतत मान झटकणे, दोन माणसांना ओढत चालणे यांत धावण्याआधीच ताकद जाते. उकाड्यात मानेवर थोडा घाम आला तर काळजी नको. मागच्या पायांची लांब, सैल चाल आणि मागच्या पुठ्ठ्यावर ठळक दिसणारे स्नायू ही चांगली लक्षणे. पहिल्यांदाच ब्लिंकर्स (बाजूचे व मागचे दिसू नये म्हणून डोळ्यांशेजारी लावायच्या झापडा) लावले असतील तर घोडा पुढे धावण्याची शक्यता वाढते. तुमच्या ‘पु’-‘ल’च्या खुणा तेवढ्यापुरत्या बदला.

प्रश्न : माझे अंदाज बऱ्यापैकी बरोबर येतात, तरी महिनाअखेर तोटाच असतो. कुठे चुकते?

भावात. ४/१ भाव म्हणजे एक रुपया लावून जिंकल्यास चार रुपये नफा, म्हणजेच पाच वेळांत एकदा जिंकण्याची शक्यता, २० टक्के. २/१ म्हणजे ३३ टक्के, ९/१ म्हणजे १०. समजा, सहा घोड्यांचे भाव २/१, ३/१, ४/१, ६/१, ९/१, ९/१ आहेत. शक्यता मिळवा : ३३, २५, २०, १४, १०, १०. बेरीज ११२ च्या वर जाते. शंभरावरचे ते बारा टक्के भाव देणाऱ्याचे. टोटमध्येही, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून विजेत्यांत वाटतात तिथेही, तेच, फक्त कपात एकूण रकमेतून आधीच होते.

म्हणून ‘कोण जिंकेल’ एवढ्यावर थांबू नका. भाव बघण्यापूर्वी आपल्या तीन शर्यतींतल्या प्रत्येक घोड्याला टक्के द्या, बेरीज शंभरच ठेवा. मग भाव लावून पाहा. तुमचे ३० टक्के आणि भाव ४/१ असेल तर पैसे लावण्यात अर्थ आहे. तुमचे ३० आणि भाव ६/४, म्हणजे ४० टक्के, तर तोच घोडा जिंकेल असे वाटत असूनही सोडायचा. फेव्हरिट, म्हणजे सर्वांत कमी भावाचा घोडा, साधारण तीनात एकदा जिंकतो, पण त्याचा भाव बहुतेक त्याहूनही कमी पैसे देणारा असतो. फार मोठ्या भावाचे घोडे तर त्याहून वाईट, कारण लोक स्वप्नापोटी त्यांच्यावर लायकीपेक्षा जास्त लावतात.

प्रश्न : हरल्यावर रक्कम दुप्पट करत जावे का?

नाही. तीनपैकी एक जिंकणाऱ्यालाही शंभर पैजांत सलग आठ-नऊ हार सहज येते. एका एककाने सुरू करून दुप्पट करत गेलात तर नऊ हारींनंतर ५११ एकके गेलेली असतात आणि पुढची पैज ५१२ ची असते. महिन्याला गमावली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही अशी रक्कम बाजूला काढा, तिचे पन्नास समान भाग करा आणि प्रत्येक पैजेला एकच भाग. ती संपली की महिना संपला. हे पाळता येत नसेल, उधारी होत असेल, तर पैसे लावणे पूर्ण बंद करा आणि घरच्यांना सांगा. पैसे न लावताही कार्ड वाचता येते आणि अंदाज तपासता येतो.

प्रश्न : शर्यत झाल्यावर काय टिपून ठेवावे?

तीन गोष्टी : कोणाची वाट अडली, कोण बाहेरून लांब फिरून आला, आणि चाल कोणाच्या विरोधात गेली. जलद शर्यतीत पुढे राहूनही चौथा टिकलेला घोडा विजेत्याइतकाच महत्त्वाचा. सुटताना गेटमध्ये अडखळलेल्यांचीही नोंद ठेवा, पण एकाच घोड्याकडून तीनदा तसे झाले तर ती त्याची सवय आहे असे समजून त्याला छोट्या अंतरावर धरू नका.