जर्मन सैनिकाच्या पोर्सलीनच्या बिअर-मगाचा मूळ मालक शोधता येतो का?

न्यूरेंबर्गमधून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या आणि कथिली झाकणाच्या जुन्या मगावर '१२. इन्फंट्री रेजिमेंट, नॉय-उल्म, १९०५–०७' असे लिहिलेले आहे, पण मालकाचे आडनाव पुसले गेले आहे, तर हा माणूस कोण होता हे आता कळू शकेल का, असे आपण विचारले आहे. कळू शकेल, असे मला मनापासून वाटते. मी गेली काही वर्षे उल्ममध्ये राहते आणि अशाच एका मगाच्या मालकाचा माग काढण्यात मी दोन हिवाळे घालवले आहेत, त्यामुळे जे हाती लागले ते सविस्तर लिहिते.

आपल्या मगाला जर्मन लोक 'रेझर्विस्टनक्रुग' म्हणतात. त्या काळी तरुणांना सक्तीची लष्करी सेवा असे. पायदळात दोन वर्षे, घोडदळात तीन. सेवा संपवून राखीव दलात जाताना शिपाई स्वतःच्या पैशाने असा मग करवून घेई. साधारण १८९० पासून १९१४ चे महायुद्ध सुरू होईपर्यंत ही प्रथा जोरात होती. मगावर बहुधा 'त्सूर एरिनेरुंग आन माइने डीन्स्टत्साइट', म्हणजे 'माझ्या सेवाकाळाच्या स्मरणार्थ', अशी ओळ असते. शिवाय मालकाचे नाव, त्याची कंपनी, छावणीचे गाव आणि वर्षे. म्हणजे ही वस्तू दुकानात मांडून ठेवलेली नव्हती, एका ठरावीक माणसासाठीच ती तयार झाली होती. म्हणूनच मालकाविषयीचा आपला प्रश्न मला इतका योग्य वाटतो.

शोध सुरू करण्याआधी मग अस्सल आहे ना, हे पाहावे. आपण मराठीत सगळ्यालाच चिनी माती म्हणतो, पण खरे पोर्सलीन प्रकाश आरपार जाऊ देते आणि जाड दगडी मातीचे भांडे तो जाऊ देत नाही. मग रिकामा करून, झाकण उघडून, तळ खिडकीकडे धरा आणि आत डोकावून पाहा. एरवी नुसता खडबडीत पांढरा दिसणारा तळ उजळतो आणि त्यात एक चित्र उमटते. पोर्सलीन जिथे पातळ असते तिथे उजेड दिसतो, जाड असते तिथे सावली. माझ्या मगाच्या तळाशी निरोप घेणारा शिपाई आणि त्याच्या खांद्यावर डोके टेकलेली मुलगी आहे. ढगाळ दिवशी ती जवळजवळ दिसत नाही आणि ऊन पडले की तिच्या केसांची वेणीसुद्धा मोजता येते. या कलेला लिथोफेन म्हणतात. पॉल द बुर्गोइंग या फ्रेंच गृहस्थाने १८२७ मध्ये तिचे पेटंट घेतले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पर्यटकांसाठी या मगांच्या पुष्कळ नकला झाल्या. तळाच्या चित्रात नग्न स्त्री दिसली, तर तो मग नकली समजण्यास हरकत नाही.

'हाताने रंगवलेला' या शब्दाचाही अर्थ नीट समजून घ्यावा. चित्राची बाह्यरेषा बहुधा छापाने उतरवलेली असे आणि आतले रंग कारागीर कुंचल्याने भरत. नाव मात्र प्रत्येक मगावर वेगळे असल्यामुळे ते हातानेच लिहावे लागे. हे रंग झिलईच्या वर बसवून पुन्हा भाजलेले असतात, म्हणूनच ते वर्षानुवर्षांच्या हाताळण्याने झिजतात. आपल्या मगावरचे आडनाव तसेच गेले असावे. ते उजळवण्यासाठी मग घासू मात्र नका, ही कळकळीची विनंती. त्याऐवजी अंधाऱ्या खोलीत विजेरी अगदी बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. रंग उडाला तरी भाजताना झिलईवर उठलेला त्याचा पुसट माग कधीकधी मागे राहतो आणि तिरप्या उजेडात तो वाचता येतो. मला अशाने एक पूर्ण अक्षर सापडले होते.

आता मालकाकडे वळू. झाकण उघडण्यासाठी अंगठा टेकवतो तो भाग पाहा. तिथे ढाल धरलेला सिंह असेल, तर तो मग बव्हेरियाचा. हे महत्त्वाचे आहे, कारण बव्हेरिया, प्रशिया आणि वुर्टेम्बर्ग ही त्या काळच्या जर्मन साम्राज्यातली राज्ये, आणि त्यांत बव्हेरियाचे सैन्य वेगळे होते आणि त्याच्या पलटणींचे क्रमांकही वेगळे होते. प्रशियाचीही बारा क्रमांकाची पलटण होतीच. त्यातून उल्मची गंमत अशी की डॅन्यूबच्या एका तीराला उल्म, ते वुर्टेम्बर्गच्या राज्यात, आणि पूल ओलांडला की नॉय-उल्म, ते बव्हेरियात. माझा मग उल्ममधल्या १२७ व्या पलटणीचा, म्हणजे वुर्टेम्बर्गचा होता, आणि मी पहिला हिवाळा म्युनिकच्या कागदांत वाया घालवला. आपली पलटण बव्हेरियाची 'प्रिन्स आर्नुल्फ' पलटण आहे, त्यामुळे आपल्याला मात्र म्युनिकलाच जायला हवे.

यात आपले नशीब चांगले आहे. प्रशियाच्या सैन्याचे बहुतेक दप्तर १९४५ च्या एप्रिलमध्ये पॉट्सडॅमवरच्या बॉम्बहल्ल्यात जळून गेले. बव्हेरियाचे म्युनिकच्या युद्ध-अभिलेखागारात बऱ्याच अंशी शाबूत आहे. तिथल्या पहिल्या महायुद्धाच्या नोंदवह्यांत शिपायाचे जन्मगाव, जन्मतारीख, धंदा, आईवडील, बायकोमुले आणि जखमा हे सगळे रकाने आहेत. विसाव्या वर्षी भरती होई, हे धरले तर आपला माणूस १८८५ च्या आसपास जन्मलेला असावा आणि १९१४ मध्ये एकोणतीस वर्षांचा असावा. तोपर्यंत तो राखीव दलातून पुढच्या लांडवेअर, म्हणजे अधिक वयाच्या राखीव शिपायांच्या, दलात गेलेला असणार, म्हणून त्याला फक्त बाराव्या पलटणीत शोधू नका.

पण हे सगळे आडनाव हाती आल्यावरचे झाले. ते मिळवण्याचा माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग आपल्याच मगावर आहे. कानाच्या दोन्ही बाजूंना बारीक अक्षरांत नावांच्या ओळी आहेत का, ते पाहा. ती त्याच्याबरोबर त्याच कंपनीतून सुटलेल्या सोबत्यांची यादी असते. आपल्यासाठी मोलाची गोष्ट ही की त्या सोबत्यांनीही आपापले मग करवून घेतलेले असत, आणि त्यांच्यावरही हीच यादी असे, बहुतेक वेळा आपल्या माणसाच्या नावासह. जर्मन लिलावगृहांच्या जुन्या सूचींत अशा मगांची छायाचित्रे कंपनी आणि वर्षांच्या नोंदीसह असतात. बारावी पलटण, आपल्या मगावरची कंपनी आणि १९०५–०७ या तीन गोष्टी जुळणारा दुसरा मग शोधा. माझ्या मगाच्या मालकाचे पूर्ण नाव मला असेच मिळाले: दुसऱ्याच एका शिपायाच्या मगावर, यादीत खालून तिसरे, आणि तिथले सोनेरी अक्षर अजून जराही झिजलेले नव्हते.