‘अन्यायाला वाचा फोडणे’ : इथे ‘फोडणे’च का?

६ जानेवारीच्या पत्रकार दिनासाठी मानपत्राचा मसुदा करणाऱ्या एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. पुरस्कार शोधपत्रकारितेचा आहे आणि विषय ऊसतोड बायकांवरच्या अन्यायाचा. त्यांनी लिहिले होते, ‘मूक ऊसतोड महिलांना वाचा देणाऱ्या शोध पत्रकारितेबद्दल...’. समितीतल्या एकांनी ‘अन्यायाला वाचा फोडणाऱ्या’ असा बदल सुचवला. दुसऱ्यांना मात्र मानपत्रात ‘फोडणे’ दांडगट वाटले. फोडायचे ते डोके किंवा नारळ, वाचा कशी फोडणार? तर बरोबर काय?

ताई, ‘फोडणे’च ठेवा. आणि त्याहून आग्रहाने सांगतो, ‘मूक’ आणि ‘देणाऱ्या’ हे दोन्ही शब्द काढा.

‘फुटणे’ म्हणजे मोडणे एवढेच आपल्या मनात पटकन येते. पण झाडाला पालवी फुटते, बटाट्याला कोंब फुटतो, गाईला पान्हा फुटतो, पाखराला पंख फुटतात, खडकाला पाझर फुटतो. यात काहीच मोडत नाही. आत असलेले, दबलेले, वाट न मिळालेले असे काही बाहेर येते. तसेच मुक्याला वाचा फुटते. तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे तसे फुटणे-फोडणे. आपसूक होते ते फुटणे, कोणी घडवून आणले की फोडणे. टाहो फोडणे, हंबरडा फोडणे हेही याच घरातले.

आमची आजी गळवावर अळशीचे पोटीस बांधायची. गरम पोटीस रात्रभर राहिले की सकाळी ‘तोंड फुटलं’ म्हणायची, आणि ठणका उतरायचा. आतला पू पोटिसाने आणलेला नसायचा, तो आधीच होता. ‘वाचा फोडणे’चा अर्थ मला या उदाहरणाने जितका कळला, तितका कोशाने कळला नाही.

आता ‘देणे’ पाहा. देणाऱ्याजवळ वस्तू असते, घेणाऱ्याजवळ नसते. ‘महिलांना वाचा दिली’ म्हटले की त्यांच्याकडे वाचा नव्हती असा अर्थ होतो. तो खरा नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये बातम्यांतून पुढे आला. सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. या बायका त्याला ‘पिशवी काढली’ म्हणतात. कामावर न गेलेला दिवस म्हणजे ‘खाडा’, त्याचा दंड मुकादमाच्या (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या) उचलीच्या, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांच्या, हिशेबात जातो. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. स्वतःच्या हालांसाठी इतके नेमके शब्द ज्यांच्या तोंडी आहेत, त्यांना मूक कसे म्हणावे? मुका होता तो अन्याय. फडात, दवाखान्यात, हिशेबाच्या वहीत तो विखुरलेला होता आणि कुठेही एकत्र बोलत नव्हता. म्हणून विभक्ती ‘अन्यायाला’ हीच हवी. झाडाला पालवी, तशी अन्यायाला वाचा.

‘मूक’ या शब्दाला आपल्याकडे फार मोठा इतिहास आहे, हे मान्य. डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा शीर्षभागी तुकोबांच्या ओळी घेतल्या : ‘काय करूं आतां धरूनियां भीड । निःशंक हें तोंड वाजविलें ॥ नव्हे जगीं कोणी मुकियांचा जाण ।’ मुक्याला जगात कोणी विचारत नाही, म्हणून भीड सोडून तोंड वाजवले. इथे तोंड वाजवणारा स्वतःच आहे, दुसऱ्या कोणी त्याला वाचा दान केलेली नाही. बहिष्कृतांनी स्वतःला मूक म्हणणे आणि सत्कार समारंभात व्यासपीठावरून कोणी त्यांना मूक म्हणणे, यांत मला तरी जमीन-अस्मानाचे अंतर दिसते.

मोठ्या पुरस्कारांची मानपत्रे या बाबतीत जपून लिहिलेली असतात. पत्रकार पी. साईनाथ यांना २००७ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवरचे त्यांचे लेखन आपल्याला जवळचे. त्या मानपत्राचा आशय असा की ग्रामीण गरिबांना त्यांनी देशाच्या जाणिवेत परत आणले. हरवली होती ती देशाची जाणीव, गरिबांची वाचा नव्हे.

एक फरक मात्र सांभाळा. ‘वाचा फोडणे’ गाऱ्हाण्याला, दुःखाला, अन्यायाला लागते. लबाडी उघडी पाडली असेल तर ‘बिंग फोडणे’ म्हणा. पत्रकार अरुण शौरी यांनी १९८१ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांचे सिमेंट आणि देणग्यांचे प्रकरण बाहेर काढले, अंतुले यांना जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावे लागले आणि त्याच वर्षी शौरींना मॅगसेसे मिळाला. तिथे बिंगच फोडले. ‘पर्दाफाश’ही चालेल, पण मानपत्रात ते बातमीच्या मथळ्यासारखे दिसते. ‘चव्हाट्यावर आणणे’ टाळाच. चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा. तिथे आणलेल्या गोष्टीची लाज पीडितेच्याच अंगाला चिकटते.

आणि ‘शोधपत्रकारिता’ एकच शब्द, मध्ये जागा नको. तो समास आहे. शिवाय ‘शोध घेणे’ आणि ‘शोध लावणे’ हे दोन्ही अर्थ त्यात सुखाने नांदतात, म्हणून मला हा शब्द ‘अन्वेषण’पेक्षा कितीतरी आवडतो.

तुमचे वाक्य मी असे करीन : ‘ऊसतोड महिलांनी सांगितलेले कान देऊन ऐकले, कागदपत्रांशी ताडून पाहिले आणि त्यांच्यावरील अन्यायाला वाचा फोडली, अशा शोधपत्रकारितेबद्दल हे मानपत्र.’ थोडे लांबले आहे. जागा कमी पडली तर ‘कागदपत्रांशी ताडून पाहिले’ गाळा. ‘कान देऊन ऐकले’ मात्र राहू द्या.