कंपनी सांगते 21, आमच्याकडे पडतंय 13.5, मग खरं कुठलं?

प्रश्न : आम्ही दीड वर्षापूर्वी 1200 सीसीची पेट्रोल गाडी घेतली, शोरूममध्ये 21 चं ॲव्हरेज सांगितलं होतं, पत्रकावर पण तेच छापलेलं. घरचा हिशोब मी वहीत ठेवते, त्यात पेट्रोलचा खर्च बघून डोकंच फिरतं. 13, साडेतेरा, कधी 14, त्याच्या वर जातच नाही. गाडी रोज जुळे सोलापूर ते सात रस्ता जाते-येते, मध्ये मुलीला क्लासला सोडायचं, एवढंच. दोनदा सर्व्हिसिंगला सांगितलं तर म्हणतात गाडी ओके आहे. आमची फसवणूक झालीय का? तक्रार करावी का?
— एक ताई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, आधी तुमच्या वहीचं कौतुक करतो, कारण ॲव्हरेजबद्दल पत्र पाठवणारे लै जण "अंदाजे पडतंय" लिहितात आणि त्या अंदाजाचं काहीच करता येत नाही. तुमच्याकडे आकडे आहेत म्हणून नीट बोलता येतंय.

21 हा आकडा शोरूमवाल्यांनी मनानं सांगितलेला नाही. गाडी बाजारात येण्याआधी सरकारमान्य संस्थेकडून तिची टेस्ट होते, आपल्याकडे त्यात पुण्याची एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) सगळ्यांना माहीत आहे, 1966 पासून आहे ती. पण ही टेस्ट रस्त्यावर होत नाही, इथंच लोकांचा गैरसमज होतो. गाडी एका हॉलमध्ये मोठ्या रोलरवर उभी करतात, चाकं रोलरवर फिरतात, गाडी जागेवरच. समोर स्क्रीनवर एक रेघ चालत असते, कधी किती स्पीड, कधी थांबायचं, कधी गियर बदलायचा, आणि ड्रायव्हर ती रेघ सोडत नाही. सायलेन्सरमधून निघणारा सगळा धूर पकडून त्यात कार्बन किती गेला ते मोजतात आणि त्यावरून पेट्रोल किती जळलं ते काढतात.

या ठरलेल्या चालण्याला मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल म्हणतात, थोडक्यात एमआयडीसी, आता आपण सोलापूरकर एमआयडीसी म्हटलं की अक्कलकोट रोडकडे बघणार, पण ती ही नव्हे. ही जेमतेम 20 मिनिटांची असते, अंतर साधारण साडेदहा किलोमीटर, जास्तीत जास्त स्पीड 90, आणि सरासरी पडते ताशी 32 च्या आसपास. हॉलचं तापमान 20 ते 30 डिग्री. एसी बंद.

आता तुमचा रोजचा रस्ता डोळ्यासमोर आणा. घरातून निघाला, आसरा चौकात अडकला, पुढं सात रस्त्याचा सिग्नल, समोर रिक्षा, डाव्या हाताला एसटी, आणि मे महिन्यात बाहेर 43 डिग्री म्हणून एसी फुल्ल. समजा 6 किलोमीटरला 25 मिनिटं लागली तर सरासरी स्पीड ताशी 15 पण येत नाही, टेस्टच्या निम्मी सुद्धा नाही. गाडी उभी असली तरी इंजिन पेट्रोल पीतच असतं, छोटी गाडी नुसती चालू ठेवली तरी तासाला अर्धा ते एक लिटर जातं आणि एसी लावला की आकडा वरच्या बाजूला सरकतो. त्यात 6 किलोमीटर म्हणजे इंजिन नीट गरम होतं ना होतं तोवर प्रवास संपला, मग क्लाससमोर थांबा, बंद करा, परत चालू करा. अशा वापरात 21 ची गाडी 13-14 ला येणं मला अजिबात विचित्र वाटत नाही.

तरी गाडी चांगली आहे की नाही हे शहरातल्या आकड्यावरून ठरवू नका. एकदा पुण्याला जाणार असाल तर मोजा. पुणे रस्त्यावरच्या बाळे गावाच्या बाहेर पडल्यावर पंपावर पहिल्यांदा नोझल कट होईपर्यंत टाकी भरा, कट झाल्यावर वरून ठासून भरायला सांगू नका, ट्रिप मीटर शून्य करा आणि 80-85 च्या स्पीडनं जा. पुण्यात पोचल्यावर परत पहिल्या कटपर्यंत भरा आणि किलोमीटरला लिटरनं भागा. दोन्ही पंपांची नोझल थोडी वेगवेगळी कट होते, म्हणून शक्य असेल तर जाऊन-येऊन त्याच पंपावर भरलं तर हिशोब जास्त पक्का. तिथं 18-19 च्या वर आलं तर गाडीत दोष नाही, रस्त्याचा आणि उन्हाचा परिणाम आहे. हायवेवर पण 14-15 च आलं तर मात्र माझ्या मते गाडीत काहीतरी आहे, ब्रेक धरून ठेवतोय का, टायरमध्ये हवा कमी आहे का, एअर फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर, हे लेखी मागून तपासून घ्या. तक्रारीचा विचार त्याच्यानंतर, कारण ग्राहक आयोगात गेलात तरी तिथं पहिला प्रश्न हाच येणार, मोजलं कसं आणि कुठं. नुसत्या रागावर तिथं काही हाती लागत नाही, वही लागते.

आणि हायवेवर 110 नं जाऊन "ॲव्हरेज पडत नाही" म्हणू नका हां, हे मिस्टरांना वाचून दाखवा. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गानं वाढतो, 80 वरून 110 ला गेलं की तो जवळजवळ दुप्पट होतो, आणि टेस्टमध्ये 90 च्या वर गाडी जातच नाही त्यामुळं छापलेल्या आकड्यात हा खर्च येतच नाही.

मला मनापासून वाटतं की पत्रकावर एकच आकडा छापणं हेच चुकीचं आहे. शहर वेगळं, हायवे वेगळा, एसी चालू ठेवून वेगळा, असं द्यायला पाहिजे. अमेरिकेत 2008 च्या मॉडेलपासून एसी, जास्त स्पीड आणि थंडी यांच्या वेगळ्या टेस्ट हिशोबात धरायला लागले आणि बऱ्याच गाड्यांचे छापील आकडे खाली आले. युरोपात आपल्यासारखीच जुनी टेस्ट होती, आपली त्याच घराण्यातली. तिथं 2001 च्या आसपास कागद आणि रस्ता यातला फरक 10 टक्क्यांच्या आत होता, 2015 पर्यंत तो 40 टक्क्यांच्या घरात गेला, कारण कंपन्या टेस्टमध्ये मार्क कसे मिळवायचे ते शिकत गेल्या. मग 2017 पासून त्यांनी नवी, जास्त कडक टेस्ट आणली. आपल्याकडे वेगवेगळे आकडे छापून येईपर्यंत आपण छापील आकडा एकाच कामाला वापरावा, दोन गाड्या शेजारी ठेवून तुलना करायला, कारण दोघी त्याच रोलरवर चाललेल्या असतात. घरखर्चाचा हिशोब त्याच्यावर बांधू नका.

प्रश्न : माझ्याकडे 110 सीसी स्कूटर आहे, चादरी-टॉवेलचे गठ्ठे दुकानांत पोचवायचं काम आहे. कंपनी 55 म्हणते, मला 38-40 मिळतं. मित्राच्या तसल्याच गाडीला 48 पडतंय, तो फक्त कॉलेजला जातो. माझंच मशीन खराब आहे का?
— एक वाचक, अशोक चौक

उत्तर : दादा, टेस्टमध्ये स्कूटरवर धरलेलं वजन गाडी अधिक एक माणूस, 75 किलोचा, एवढंच असतं. तुमच्या पुढच्या पायठेवणीवर एक गठ्ठा, मागं दुसरा, वर तुम्ही, आणि दर 300 मीटरला ब्रेक. थांबलेल्या गाडीला परत पळवण्यात जो जोर लागतो त्यात वजन सरळ मोजलं जातं आणि पुढच्या वेळी ब्रेक दाबला की तो जोर उष्णता होऊन वाया जातो. मित्राच्या गाडीशी तुलना करायची तर एक दिवस त्याची गाडी तुम्ही गठ्ठे घालून चालवा, तुमची तो चालवू दे.

तरी दोन गोष्टी आजच बघा. गाडी मधल्या स्टँडवर लावून इंजिन बंद ठेवून मागचं चाक हातानं फिरवा, घसटतंय का ऐका. परवा एक स्कूटर बघितली, मागचं चाक अर्धा फेरा पण सुटं फिरत नव्हतं, ब्रेकची केबल इतकी ताणलेली. मालक दोन महिने पेट्रोलला शिव्या देत होता. दुसरं म्हणजे हवा, आठवड्याला एकदा, गाडी थंड असताना, आणि ओझं घालून चालवता तर मॅन्युअलमध्ये दोघांसाठी दिलेला आकडा मागच्या चाकाला ठेवा.

पहाटे पेट्रोल भरलं की जास्त मिळतं असं तुम्ही पत्रात शेवटी विचारलंय. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान दिवसभरात फार हलत नाही, त्यासाठी झोपमोड करू नका.

प्रश्न : आमचा ऊस कारखान्याला जातो, त्याचंच इथेनॉल होतंय, आणि आता 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं आमच्याच गाडीचं ॲव्हरेज 10 टक्के उतरलं. गाडी 2016 ची आहे. हे खरंच इथेनॉलमुळं का?
— एक शेतकरी, मोहोळ तालुका

उत्तर : थोडं खरं, पण सगळं नाही. लिटरमागं इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून 20 टक्के मिसळलं की लिटरमधली ऊर्जाच 6-7 टक्के कमी होते, साध्या पेट्रोलशी तुलना केली तर. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे इंजिनात ठोके न पडता जळण्याचा गुण, जास्त असतो आणि त्याचा फायदा नवीन इंजिनं थोडाफार उचलतात, जुनी उचलत नाहीत. सरकारनं 2025 मध्ये सांगितलेला अंदाज असा की ई-20 साठी जुळवलेल्या गाड्यांत 1 ते 2 टक्के आणि बाकीच्यांत 3 ते 6 टक्के घट. तुमच्या गाडीचा छापील आकडा जुन्या पेट्रोलवरचा आहे, म्हणून त्याच्याशी तुलना करताना हे धरायलाच पाहिजे.

पण 10 मधले 6 इथेनॉलचे धरले तरी 4 उरतात, आणि गाडी नऊ-दहा वर्षांची आहे. जुने रबरी पाइप आणि सील मेकॅनिककडून बघून घ्या, पेट्रोलचा वास येतो का ते सकाळी गाडीजवळ उभं राहून बघा. स्पार्क प्लग कधी बदलले ते बिलं काढून बघा. आणि टपावर कॅरियर आहे असं तुम्ही लिहिलंय, पेरणी झाली की ते काढून ठेवा, मोहोळ ते सोलापूर हायवेला रिकामं कॅरियर पण वारं धरतं.