घरात सगळे असूनही वडील गप्प का झाले?

आपण लिहिले आहे की कोरोनाची साथ सुरू झाल्यापासून 74 वर्षांच्या वडिलांना घराबाहेर पडू दिलेले नाही, औषधे आणि जेवण सगळे त्यांच्या हातात देता, तरीही ते दिवसभर पलंगावर बसून असतात आणि विचारल्यावर ‘मला काही झालेले नाही’ एवढेच म्हणतात. त्या उत्तरावर कृपया विसंबू नका. उतारवयातले नैराश्य पुष्कळदा शब्दांत येत नाही; अंगदुखी, मंदावलेली भूक, पहाटे फार लवकर येणारी जाग, विसराळूपणा आणि आवडीच्या गोष्टींवरून उडालेले मन यांतून ते दिसते.

माझ्या वडिलांच्या बाबतीत, 2020 मध्ये, मला ते दाढीवरून कळले. एक दिवसाआड न चुकता दाढी करणारा हा माणूस. टाळेबंदीच्या दुसऱ्या महिन्यात त्यांचा ब्रश कोरडा पडला, साबणाला भेगा गेल्या आणि मी विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘कोण बघणार आहे?’ काळजीपोटी आम्ही त्यांची सगळीच कामे काढून घेतली होती. बाहेर फिरणे थांबवणे भागच होते, पण घरखर्चाचा हिशेब काढून घेण्याचे काहीच कारण नव्हते. आपली कोणाला तरी गरज आहे असे वाटणे हाही आधारच असतो, आणि माझ्या मते घरच्यांच्या हातून तोच सर्वांत आधी सुटतो. पुढे भाची रोज दुपारी चार वाजता गणित विचारायला व्हिडिओ कॉल करू लागली, आणि पाचव्या दिवशी ते पावणेचारलाच दाढी करून बसलेले दिसले.

उत्साह आला की उठू, असे नैराश्यात सहसा होत नाही. आधी उठावे लागते, मन हळूहळू मागून येते. म्हणून उठण्याची वेळ ठरवा आणि सकाळी अर्धा तास खिडकीशी उजेडात बसवा, कारण शरीराचे घड्याळ प्रकाशावर चालते. दुपारची झोप आखूड ठेवा. घरातल्या घरात दहा मिनिटे चालणेही सुरुवातीला पुरे. बातम्या दिवसातून एकदाच.

दोन आठवडे हीच स्थिती राहिली असेल तर डॉक्टरांशी बोलाच, फोनवर का होईना. थायरॉईड, बी-12 जीवनसत्त्व आणि चालू औषधे यांचीही तपासणी करून घ्या, कारण त्यांतल्या बिघाडाने हीच लक्षणे दिसू शकतात. ‘आता जगून काय करायचे’ असे काही त्यांच्या तोंडून आले, तर मात्र दोन आठवडे थांबू नका. त्याच दिवशी मदत मिळवा आणि तोवर त्यांना एकटे सोडू नका.