1.5 टीएसआय डीएसजीचं रिमॅप: 150 चे 190 करावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी 1.5 टीएसआय (स्कोडा-फोक्सवॅगनचं टर्बो पेट्रोल इंजिन), डीएसजी म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, वॉरंटी नुकतीच संपलेली. राहायला ठाण्यात घोडबंदर रोडला, ऑफिस ऐरोलीत. ट्यूनर म्हणतोय, स्टेज 1 रिमॅपने, म्हणजे पार्ट न बदलता नुसतं इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून, 150 चे 190 पीएस (ताकद) आणि 250 चे 320 एनएम (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर) होतील. करावं का? की त्यापेक्षा ट्यूनिंग बॉक्स, म्हणजे सेन्सरच्या वायरीत बसवायची डबी, बरी?

मी वागळे इस्टेटमध्ये गाड्यांच्या वायरिंगचं आणि स्कॅनिंगचं काम करतो. रिमॅप मी करत नाही. करून आलेल्या गाड्या मात्र स्कॅनर लावायला माझ्याकडे येतात, आणि त्या येतात काहीतरी बिनसल्यावरच, तेव्हा माझं मत थोडं एकांगी असणार हे धरूनच वाचा. रिमॅप जरूर करा, पण ट्यूनर दाखवतोय ती फाईल टाकून घेऊ नका. घोळ 190 मध्ये नाही, 320 मध्ये आहे.

आधी ही ताकद येते कुठून ते बघा. बिनटर्बोच्या इंजिनात हवा जाते ती बाहेरच्या दाबाने, त्यामुळे तिथे कितीही फाईल बदला, हाती फारसं लागत नाही. टर्बो गाडीत हवा दाबून आत कोंबली जाते. तो दाब, म्हणजे बूस्ट, किती ठेवायचा, टर्बोला आवरणारा वेस्टगेट कधी उघडायचा, हे सगळं ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो. त्याच्या मॅपमधले आकडे बदलले की जास्त हवा आत जाते, त्या मानाने पेट्रोल वाढतं, स्पार्कची वेळ जुळवली की टॉर्क वाढतो. कंपनीने थोडी जागा राखून ठेवलेली असते, कारण तीच गाडी बिकानेरच्या उन्हात चालायला हवी, लेहच्या विरळ हवेत चालायला हवी, कुठल्याही पंपावरचं पेट्रोल तिने पचवायला हवं आणि प्रदूषणाच्या चाचणीतही पास व्हायला हवं. ट्यूनर ती राखीव जागा वापरतो. त्यात लबाडी काही नाही, नीट केलेलं स्टेज 1 तुमचं इंजिन बऱ्यापैकी झेपवतं.

झेपत नाही ते गिअरबॉक्सला. तुमच्या गाडीतला 7 स्पीड डीएसजी म्हणजे डीक्यू200, कोरड्या क्लचचा. कंपनीने त्याची मर्यादा धरली आहे 250 एनएम, आणि तुमचं इंजिन शोरूममधून निघतानाच 250 एनएम देतं. म्हणजे इंजिनात जागा आहे, गिअरबॉक्समध्ये कागदावर तरी अजिबात नाही.

हे मी मनाचं सांगत नाही. 2016 मध्ये आपल्याकडे आलेली स्कोडा सुपर्ब आठवा. 1.8 टीएसआय इंजिन, 180 पीएस. मॅन्युअल घेतली तर टॉर्क 320 एनएम, डीएसजी घेतली तर 250. इंजिन तेच, ताकद तीच, पण ऑटोमॅटिकमध्ये खुद्द कंपनीने टॉर्क 70 ने छाटला. तुमचा ट्यूनर जो 320 देऊ म्हणतोय, नेमका तोच आकडा कंपनीने या जातीच्या गिअरबॉक्सला दिला नाही!

आता गंमत बघा. त्या डीएसजी सुपर्बने 250 एनएममध्येच 180 पीएस काढले ते कसे? पीएस ठरतात ते टॉर्क गुणिले आरपीएम (मिनिटाला इंजिनचे फेरे) यावरून. तिचा 250 एनएम 5000 आरपीएमपर्यंत टिकत होता. तुमच्या गाडीचा 250 एनएम 1600 ला सुरू होतो आणि 3500 ला उतरायला लागतो, 5500 पर्यंत साधारण 190 उरतो. म्हणून ट्यूनरला म्हणा, टॉर्कचा सर्वांत वरचा आकडा वाढवू नकोस, 250 च्या आतच राहा, पण वरच्या आरपीएमला टॉर्क पडू देऊ नकोस. 5000 ला 235 एनएम मिळाला तरी हिशेबाने 167 पीएस होतात. बुडाला दणका बसणार नाही, मित्रांना सांगायला 190 चा आकडाही नसेल, पण ओव्हरटेक करताना 4000 च्या पुढे गाडी दमल्यासारखी वाटते ना, ते जाईल. आणि क्लचला पूर्वीइतकंच ओझं. अशी फाईल बनवायला वेळ लागतो. तयार फाईल लॅपटॉपमधून ओतून अर्ध्या तासात मोकळं होणाऱ्याला ती नको असते. तुमच्या बोलण्यावर त्याचं तोंड कसं होतं, त्यावरूनही बरंच कळेल.

तुमचा रोजचा रस्ता बघता क्लचला मी इतकं महत्त्व देतोय त्याला कारण आहे. कासारवडवली ते माजिवडा सकाळी गाडी चालत नाही, सरपटते. कोरडा क्लच त्या वेळी अर्धवट पकडीवर घासत असतो, आणि त्याला गार करायला तेल नाही.

दुसरा शत्रू उष्णता. मे महिन्यात एका रिमॅप केलेल्या गाडीत मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो, मालक गाडी चालवत होता. तक्रार एवढीच की सकाळी गाडी पळते, दुपारी पळत नाही. कापूरबावडीच्या सिग्नलवर उभे होतो तेव्हाच आत जाणाऱ्या हवेचं तापमान 60 अंशांच्या वर गेलं होतं. पुढे गायमुखच्या चढावर त्याने पाय दाबला आणि स्क्रीनवर चारही सिलिंडरमधल्या स्पार्कची वेळ ईसीयू मागे खेचताना दिसला, एकात तर पाच अंशांनी. नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठोके बसणं, होऊ नये म्हणून ईसीयू हेच करतो. म्हणजे फाईलने दिलेली ताकद ईसीयूने दुपारी परत काढून घेतली. त्या गाडीचं ट्यूनिंग जानेवारीत पहाटे, मोकळ्या रस्त्यावर झालं होतं. तुमचं करताना लॉग, म्हणजे चालत्या गाडीतल्या आकड्यांची नोंद, भर दुपारी घ्यायला लावा, आणि टाकीत तेच पेट्रोल असू द्या जे तुम्ही नेहमी भरता. आता पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. फाईल 100 ऑक्टेनच्या पेट्रोलवर बसवायची आणि नंतर साधं भरायचं, हा प्रकार नको.

आणखी एक. 1500 आरपीएमला वरच्या गिअरमध्ये गाडी रेंगाळत असताना एकदम पूर्ण अॅक्सिलरेटर देऊ नका. लहान टर्बो पेट्रोल इंजिनात कमी आरपीएम आणि जास्त लोड एकत्र आले की मिश्रण स्पार्कच्या आधीच पेटू शकतं, आणि तो एक ठोका पिस्टन फोडायला पुरतो. रिमॅपनंतर हा धोका वाढतो. इंजिन ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या दर्जाचंच घाला. ऑइलचा एपीआय एसपी हा दर्जा 2020 मध्ये आला, त्यात या प्रकाराची चाचणी आहे.

पाय सोडल्यावर सायलेन्सरमधून फटाके हवे असतील तर माझ्याकडे उत्तर नाही. ते पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जळतं आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खातं. सोसायटीवाले वेगळे.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करू देत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182ए खाली मालकाला दर बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रस्त्यावर कोणी ईसीयू उघडून बघत नाही हे खरं. पण अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरने खोदायचं ठरवलं तर न कळवलेला बदल क्लेमच्या आड येऊ शकतो. मूळ फाईलची कॉपी स्वतःच्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. सर्व्हिस सेंटरने सॉफ्टवेअर अपडेट मारला तर तुमची फाईल पुसली जाईल, तेव्हा गाडी देताना तेही सांगून ठेवा. आणि डायनोचा, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनचा, कागद घेणार असाल तर आधीचा आणि नंतरचा एकाच दिवशी, एकाच मशीनवर. चाकावरचा आकडा आणि इंजिनचा आकडा वेगळा असतो, त्यात बरीच हातचलाखी चालते.

राहिला बॉक्स. तो बूस्ट सेन्सरच्या वायरीत बसतो आणि ईसीयूला खरा दाब कमी करून सांगतो, म्हणून ईसीयू बूस्ट वाढवतो. काढून ठेवता येतो, म्हणून लोकांना आवडतो. पण डीएसजीचा कॉम्प्युटर क्लच किती दाबून धरायचा हे ईसीयूने कळवलेल्या टॉर्कवरून ठरवतो. ईसीयूलाच फसवलं तर तो 250 कळवणार, प्रत्यक्षात 290 येणार आणि क्लच 250 च्या हिशेबाने धरलेला असणार, म्हणजे तो घसरणार. काही आळशी रिमॅपमध्येही हाच प्रकार असतो, म्हणून गिअरबॉक्सला टॉर्क खरा कळवला जातोय ना, हे ट्यूनरला स्पष्ट विचारा. मॅन्युअल गाडी असती तर बॉक्सचा विचार करा म्हटलं असतं. डीएसजीला लावू नका.