मुलांना घराबाहेर नेऊन निसर्ग, गणित आणि तंत्रज्ञान एकत्र कसं शिकवता येईल?

तुम्ही विचारलंय की मुलं ८ आणि ११ वर्षांची आहेत, फोन हातातून सुटत नाही, गणिताचं नाव काढलं की कंटाळतात. तर घराबाहेर पडून निसर्ग, गणित आणि तंत्रज्ञान तिन्ही एकत्र येईल असं काय करता येईल आणि त्यासाठी एखादं महागडं किट घ्यावं का?

किट घेऊ नका. दोरी, मोजायची टेप, कंपासपेटीतला कोनमापक, एक वही आणि घरात आहे तोच फोन, एवढ्यावर वर्षभर पुरेल इतकं काम निघतं. मी मुलांना घेऊन हे बरीच वर्षं करते आहे आणि एकाच गोष्टीचा आग्रह धरते: आधी डोळ्यांनी अंदाज, मग हाताने मोजणी, आणि फोन सगळ्यात शेवटी. फोन पहिल्यांदा काढला की तो लगेच उत्तर देऊन मोकळा होतो आणि मुलांना प्रश्न पडायचाच राहून जातो. तोच फोन दोघांचा वाद मिटवायला काढला, तर तो काय म्हणतो हे मुलं कान देऊन ऐकतात.

सुरुवात झाडाच्या उंचीपासून करा. जवळचं, मोकळ्या जागेतलं एक झाड निवडा. दोघांनाही उंचीचा अंदाज विचारा आणि वहीत लिहून ठेवा. मग उन्हात एक मीटरची काठी सरळ उभी धरा. तिची सावली ८० सेंटीमीटर भरली आणि झाडाची सावली बुंध्यापासून ६.८ मीटर भरली, तर ६.८ भागिले ०.८, म्हणजे झाड ८.५ मीटर उंच. गुणोत्तर आणि समरूप त्रिकोण यांचा धडा पुस्तकाआधी इथेच होऊन जातो. दोन्ही सावल्या मात्र एकाच वेळी मोजायच्या. सूर्य ताशी १५ अंश सरकतो, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटांनी मोजलेली सावली वेगळी भरते.

आता तीच उंची दुसऱ्या रीतीने काढा. कोनमापकाच्या मध्याला दोरा बांधून खाली वजन लटकवा, म्हणजे ओळंबा तयार झाला. सरळ कडेवरून झाडाचा शेंडा बघायचा आणि दोरा ९० च्या खुणेपासून किती अंश सरकला ते दुसऱ्याने वाचायचं. बुंध्यापासून १० मीटरवर उभं राहून ३५ अंश आले, असं समजा. तुमच्या मुलांना त्रिकोणमिती येत नाही, त्याने काही अडत नाही. कागदावर १० सेंटीमीटरची आडवी रेघ काढायला सांगा, एका टोकाला ३५ अंशांचा कोन, दुसऱ्या टोकाला उभी रेघ. उभी रेघ ७ सेंटीमीटर भरते, म्हणजे ७ मीटर. त्यात मुलाच्या डोळ्यापर्यंतची उंची, समजा १.२ मीटर, मिळवली की झाड ८.२ मीटर.

आता गंमत सुरू होते. एकच झाड, उत्तरं दोन. खरं कोणतं? इथे घाई करून निकाल देऊ नका, मुलांना भांडू द्या. झाडाच्या सावलीच्या टोकापाशी बसून नीट बघायला सांगा. तिथे रेघ नसते, दहा-पंधरा सेंटीमीटरची धूसर पट्टी असते, कारण सूर्य म्हणजे एक ठिपका नाही, आपल्याला तो आकाशात साधारण अर्धा अंश रुंद दिसतो. जितका शेंडा लांब तितकी सावलीची कड पुसट. काठीच्या सावलीची कड त्या मानाने स्वच्छ दिसते, तेही शेजारी दाखवा. दुसरं कारण झाडाच्या आकारात आहे. घुमट असलेल्या झाडाच्या सावलीचं टोक मधल्या शेंड्याचं नसतं, सूर्याच्या विरुद्ध बाजूच्या फांद्यांचं असतं, म्हणून ही रीत उंची थोडी जास्तच दाखवते. ११ वर्षांचं मूल हे कागदावर अर्धवर्तुळ काढून स्वतः शोधू शकतं. मोजमापात थोडंफार चुकतंच आणि त्या चुकीला कारण असतं, ते शोधता येतं, हे ज्या मुलाला झाडाखाली बसून उमगलं त्याची गणिताची भीती बरीच कमी होते. मला तरी या उपक्रमातला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो.

सगळ्यात शेवटी फोन. ‘फायफॉक्स’ नावाचं मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन इथल्या तंत्रविद्यापीठात तयार झालेलं. फोनमध्ये आधीपासून असलेले सेन्सर ते मुलांना उघडे करून दाखवतं: कल, दाब, प्रकाश, चुंबकीय क्षेत्र, आवाज. त्यातल्या कलमापकाने झाडाचा कोन पुन्हा घ्या आणि दोरा-वजनाच्या कोनाशी ताडून बघा. दोन्ही एकाच गोष्टीवर चालतात, गुरुत्वाकर्षण खाली कुठे आहे यावर. आपण दोरा लटकवतो, फोनच्या चिपमधली इवलीशी यंत्रणा तेच करते. तंत्रज्ञान शिकवणं म्हणजे माझ्या मते हे, बटणं दाबायला शिकवायची मुलांना गरज नसते.

याच ॲपमधला आणखी एक प्रयोग मी मुद्दाम मैदानात करते, कारण खोलीत भिंतींचा प्रतिध्वनी आड येतो. दोन फोन लागतील. त्यात आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे: पहिल्या टाळीला सुरू, दुसऱ्या टाळीला बंद. टेपने बरोबर १० मीटर अंतर मोजून दोघांना उभं करा, प्रत्येकाच्या हाताशी एक फोन. एक मूल टाळी वाजवतं, त्याचा फोन लगेच सुरू होतो, दुसऱ्याचा किंचित उशिरा, आवाज तिथवर पोचल्यावर. थोड्या वेळाने दुसरं मूल टाळी वाजवतं, त्याचा फोन लगेच थांबतो, पहिल्याचा किंचित उशिरा. दोन्ही फोनवरच्या वेळा वजा करा. साधारण ०.०५८ सेकंद येतात. आवाज तेवढ्यात एकदा गेला आणि एकदा आला, म्हणजे २० मीटर कापले. २० भागिले ०.०५८, सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास. हवेत २० अंश सेल्सियसला आवाजाचा वेग सुमारे ३४३ मीटर असतो. दोन टाळ्या आणि एक वजाबाकी, आणि ज्याचा वेग फक्त पुस्तकात वाचायचा तो स्वतः मोजून झाला! एकदा मोजून सोडू नका, पाच-सहा वेळा घेऊन सरासरी काढायला लावा. सरासरी कशासाठी असते, हे मुलांना इथे सांगावं लागत नाही.

धाकट्यासाठी मोजणीचा उपक्रम जास्त चांगला. चार मीटर दोरीला मीटरमीटरवर गाठी मारा, टोकं बांधा, चार काड्या रोवून तिचा चौरस ताणा. एक चौरस मीटरची चौकट झाली. गवताळ जागेत तिच्या आत एका जातीची रोपं किती आहेत ते मोजायचं. आठ वर्षांचं मूल पोटावर पालथं पडून अर्धा तास त्या चौकटीत रमतं, मुंग्यांची रांग, पानाखालची अंडी, सगळं त्याला आपोआप दिसतं. प्रश्न असा द्या: सगळ्या मैदानात ही रोपं किती असतील? सगळी मोजणं शक्य नाही, मग चौकट कुठे टाकायची? मुलं ती हमखास रोपं जिथे दाट आहेत तिथे टाकतात. मग मैदान पावलांनी मोजा, फोनलाच कुठलेही दोन आकडे निवडू द्या (फासे टाकलेत तरी चालेल), एका कोपऱ्यातून तितकी पावलं पुढे, तितकी उजवीकडे आणि तिथे चौकट. रिकामी जागा आली तर शून्य लिहायचं, जागा बदलायची नाही. मुलांना हा नियम सुरुवातीला अन्यायाचा वाटतो आणि त्यावर बोलण्यासारखं खूप आहे. दहा चौकटींत मिळून ४२ रोपं निघाली तर सरासरी ४.२, मैदान ३०० चौरस मीटरचं असेल तर अंदाजे १,२६० रोपं. जंगलातली झाडं मोजताना अभ्यासकही नमुना घेण्याची हीच मूळ कल्पना वापरतात.

रोपाचं नाव माहीत नसेल तर ‘सीक’ हे ॲप उपयोगी पडतं. निसर्गातल्या नोंदी ठेवायच्या ‘आयनॅचरलिस्ट’ या व्यासपीठवाल्यांचंच ते आहे, पण त्याला खातं उघडावं लागत नाही, म्हणून लहान मुलांसाठी मी तेच सुचवेन. आयनॅचरलिस्टवर स्वतःचं खातं उघडायला १३ वर्षं पूर्ण लागतात. तुमच्या खात्यावरून नोंदी केल्यात तर घराच्या आवारातल्या नोंदींचं नेमकं ठिकाण झाकून ठेवा, तशी सोय त्यात आहे. सीकची एक सवय मला फार आवडते: खात्री नसली की ते प्रजातीपर्यंत जात नाही, कुळ किंवा वंश सांगून थांबतं. मुलांना तिथे थांबवून विचारा, आणखी काय दाखवलं तर याची खात्री वाढेल? पानाची मागची बाजू, फूल, खोडाची साल. पक्ष्यांच्या आवाजासाठी कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं ‘मर्लिन’ आहे. तिथेही आधी डोळे मिटून किती वेगवेगळे आवाज येतात ते बोटांवर मोजायचं आणि मगच ॲप सुरू करायचं.

सूर्यफुलातल्या सर्पिलांबद्दल तुम्ही वाचलंच असेल. पिकलेल्या फुलातल्या दोन्ही दिशांच्या रांगा मोजल्या तर बहुतेकदा ३४ आणि ५५ असे फिबोनाचीच्या मालिकेतले (आधीचे दोन आकडे मिळवून पुढचा येतो, ती मालिका) शेजारचे आकडे येतात. छान उपक्रम आहे, एक दुपार जाते. फक्त ‘निसर्गात सगळीकडे हेच आकडे’ असं मुलांना सांगू नका, ते खरं नाही. मोजायला सांगा आणि जे येईल ते लिहा.

पावसाळी दिवसांसाठी माझ्याकडे एक खात्रीचा प्रश्न आहे. सरळ बाजूंचे दोन डबे घ्या, एक रुंद तोंडाचा, एक अरुंद. दोन्ही उघड्यावर शेजारी शेजारी ठेवायचे. कोणत्या डब्यात पाण्याची पातळी जास्त वर येईल? मुलंच काय, मोठी माणसंही पटकन रुंद डब्याकडे बोट दाखवतात. पाऊस थांबल्यावर पट्टी बुडवून बघा: पाणी रुंद डब्यात जास्त, पण खोली दोन्हीकडे जवळपास सारखीच. पाऊस मिलिमीटरमध्ये का सांगतात, ते इथे कळतं. पुढचं गणित मोठ्याला द्या. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. ५० चौरस मीटरच्या छपरावर १२ मिलिमीटर पडला तर किती? ६०० लिटर. रोजचे आकडे स्प्रेडशीटमध्ये भरून आलेख काढायला लावा आणि हवामान खात्याच्या आकड्यांशी ताडून बघू द्या. फरक पडेलच, पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही.

जीपीएसचा खेळही करता येतो: तुम्ही अक्षांश-रेखांश लिहून द्यायचे आणि मुलांनी तिथली वस्तू शोधायची. आधी त्यांना एका जागी स्तब्ध उभं करून स्क्रीनवरचे आकडे बघायला सांगा. शेवटचे अंक हलतच राहतात. अक्षांशाचा पाचवा दशांश म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटर, पण फोनला मोकळ्या आकाशाखालीही सुमारे ५ मीटरपर्यंतचीच खात्री असते, झाडाखाली चूक त्याहून मोठी. दशांश चिन्हापुढे अंक खूप दिसले म्हणजे मोजमाप तितकं बिनचूक झालं असं नाही, हे इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आणि सवड असेल तर एक मोठा उपक्रम. तुमच्यापासून बऱ्याच अंतरावर, उत्तरेला किंवा दक्षिणेला राहणारं भावंड किंवा मैत्रीण गाठा. दोन्हीकडे एकाच दिवशी एक मीटरची काठी उभी करायची आणि दुपारच्या सगळ्यात आखूड सावलीची लांबी घ्यायची. घड्याळातले बारा बघायचे नाहीत, सावली आखूड होऊन पुन्हा वाढू लागेपर्यंत दर पाच मिनिटांनी खूण करत राहायचं. दोन्हीकडे सावली एकाच दिशेला पडत असेल, तर दोन्हीकडून सूर्याचे कोन काढा आणि वजा करा. उत्तर-दक्षिण अंतर ५०० किलोमीटर असेल तर फरक साडेचार अंशांच्या आसपास यायला हवा. ३६० मध्ये साडेचार ८० वेळा जातात, ८० गुणिले ५००, पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने याच विचाराने ७.२ अंशांवरून, म्हणजे वर्तुळाच्या पन्नासाव्या भागावरून, परीघ काढला होता. त्याला दुसऱ्या शहरातून निरोप मिळणं किती कठीण गेलं असतं, तुमच्या मुलांना एक व्हिडिओ कॉल पुरतो.

सुरक्षेचं थोडं. कोनमापकातून किंवा फोनच्या कॅमेऱ्यातून सूर्याकडे बघायचं नाही, सूर्याचा कोन नेहमी सावलीवरून काढायचा. अनोळखी पानं-फळं तोंडात घालायची नाहीत, दगड उचलायचा तर हाताने किंवा पायाने नाही, लांब काठीने आणि उघडी बाजू आपल्यापासून पलीकडे राहील असा. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की विजेचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं, हा प्रयोग मुलांना आवडतो, पण तो घरात बसून करायचा. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर मैदानात थांबायचंच नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

सगळं एकदम करायला जाऊ नका. पहिल्या सुट्टीला ऊन असेल तर काठी आणि झाड, पाऊस असेल तर दोन डबे. वहीच्या पानावर तीन रकाने आखा: अंदाज, मोजलेलं, फोनने सांगितलेलं. अंदाजाचा रकाना भरल्याशिवाय फोन तुमच्याच खिशात ठेवा.