शेवटच्या फेऱ्यांतली मुलं: सुरुवात इथून करा

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी फेरीफेरीने तरुण खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, नव्यानेच पाहू लागलात, छान! एक गैरसमज आधी काढून टाका: निवड म्हणजे करार नव्हे. संघाला मिळतो तो त्या मुलाशी करार करण्याचा, ठरावीक मुदतीचा हक्क. शेवटच्या फेऱ्यांतल्या बऱ्याच मुलांना करार मिळतच नाही.

सध्या दोनच गोष्टी बघा.

- जागा. एका संघाला एकावेळी जास्तीत जास्त ५० करार. चांगला मुलगाही जागेअभावी सुटतो, तेव्हा संघाला लगेच नावं ठेवू नका.
- मुलाची मर्जी. नवखे नेमकं हेच विसरतात. न्यू जर्सीने पाचव्या फेरीत घेतलेला अलेक्झांडर करफूट हार्वर्ड संपवून कोलोरॅडोकडे गेला, आणि कोलोरॅडोने पाचव्याच फेरीत घेतलेला विल बुचर न्यू जर्सीकडे! दोन्ही करार २०१७च्या ऑगस्टमधले. दोघंही हक्काची मुदत संपेपर्यंत थांबले होते.

पुढे मोठे तारे झालेल्यांपैकी डेट्रॉइटला डॅटसुक १७१व्या आणि झेटरबर्ग २१०व्या क्रमांकावर मिळाला हे खरं, पण प्रत्येकाला त्या मापाने मोजू नका. निवडीनंतरच्या दोन हंगामांत खेळ किती वाढला ते पाहा. मुदतीचे नियम मधूनमधून बदलतात, म्हणून जुना लेख वाचताना आधी त्याचं वर्ष बघा.